दुकानदाराची वही आणि माउझरचे क्रमांक

हत्यारांच्या कायद्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा प्रजेच्या निःशस्त्रीकरणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८५७ च्या उठावानंतर सरकारने हत्यारे काढून घेतली, १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला, युरोपियनांना त्यातून सूट मिळाली आणि हिंदी माणसाला परवान्यासाठी सरकारदारी अर्ज करावा लागू लागला. हे खरेच आहे. पण या कायद्यात आणखी एक माणूस आहे, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे बंदुका विकणारा दुकानदार.

मी कायद्याचा पदवीधर नाही. जुने कायदे आणि अहवाल वाचत गेलो, तेवढीच माझी शिदोरी. १८७८ चा कायदा वाचताना जाणवते की सरकारने पहाऱ्याचे निम्मे काम या दुकानदारावर सोपवले होते. परवान्याशिवाय हत्यारे बनवणे वा विकणे हा गुन्हा होताच; शिवाय गिऱ्हाईक हत्यार बाळगायला पात्र आहे की नाही याची खातरजमा न करता माल हवाली करणे हाही गुन्हा होता. मालाची आणि विक्रीची वही ठेवणे ओघानेच आले. दुकानदार हा एका अर्थी सरकारचा बिनपगारी कारकूनच होता.

या व्यवस्थेची खरी परीक्षा कलकत्त्यात झाली. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनी या हत्यारांच्या व्यापारी पेढीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याने जकात कचेरीतून २०२ पेट्या सोडवल्या. वान्सिटार्ट रो येथील गोदामात मात्र १९२ च पोचल्या. उरलेल्या घेऊन येतो असे सांगून तो गेला, तो परतलाच नाही. दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. पोलिसांना वर्दी मिळाली ती तीन दिवसांनी.

परवाना पेढीकडे होता, माल रीतसर आयात झालेला होता. कायद्याची सारी नजर गल्ल्यासमोरच्या गिऱ्हाइकावर होती. भगदाड पडले ते गल्ल्यामागे, क्रांतिकारकांशी संधान असलेल्या नोकराकडून.

पण गोष्ट इथे संपत नाही. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालानुसार यांतली ४४ पिस्तुले जवळजवळ लगेच बंगालमधल्या नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली आणि पुढे दरोडे, खून व तसल्या प्रयत्नांच्या ५४ प्रकरणांत वापरली गेली. हा हिशेब सरकारला मांडता आला तो बऱ्याच अंशी वहीमुळे. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता, पेढीकडे त्या क्रमांकांची नोंद होती, आणि जसजशी पिस्तुले हाती लागली तसतशी ती ओळखता आली. वहीने चोरी अडवली नाही; चोरीचा माग मात्र तिनेच दिला.

याच्या शेजारी आपले नाशिक ठेवून पाहावे. १९०९ मध्ये सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात आणली. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या या पिस्तुलांपैकीच एकातून. इथल्या कोणत्याही परवानाधारक दुकानावरून ती आलीच नव्हती. दुकानावर कितीही कडक अटी घातल्या असत्या, तरी या पेटीला त्या लागू झाल्या नसत्या.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९६२ पासून अमलात आला. त्यात युरोपियनांना खास सवलत उरली नाही. पण दुकानदाराचा परवाना राहिला, गिऱ्हाइकाची खातरजमा राहिली. आठव्या कलमाने तर ओळखक्रमांक नसलेल्या बंदुकीची विक्रीच निषिद्ध केली. क्रमांक खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे सिद्ध करणे त्याच्यावर येते. परक्या सरकारने प्रजेवर अविश्वास म्हणून उभारलेली ही यंत्रणा आपल्या सरकारने नागरिकांच्या सुरक्षेसाठी पुढे चालवली. हेतू बदलला, वही तीच राहिली.

म्हणून दुकानांवरचे नियम कडक करा, अशी मागणी ऐकली की मला ही दोन्ही प्रकरणे आठवतात. नियम हवेतच, माउझरचा माग त्यांच्यामुळेच लागला. पण गावठी कट्ट्याला ना कारखान्याचा क्रमांक, ना दुकानाची पावती. त्याची वाट नाशिकच्या पेटीसारखी, वहीबाहेरची. ती वाट बंद करणे हे पोलिसांचे काम आहे. दुकानदाराच्या वहीत आणखी चार रकाने वाढवून ते होणार नाही.