बेंजोचे जुने पुस्तक

विसर्जनाच्या मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो, तो अमेरिकेतला कातडे मढवलेला बँजो नव्हे. आपले हे बटणांचे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज ताइशोगोतो १९१२ साली जपानात नागोया येथे गोरो मोरिता यांनी तयार केला.

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, त्याच वर्षी वडील ट्रंकेत बेंजोचे एक स्वरलिपीचे पुस्तक घेऊन इथे आले. पाने सुटली तेव्हा मी हौसेने चिकटपट्टी लावली. ती पिवळी पडली, काढताना छपाईही निघाली. भातखंडे लिपीत स्वराखालची आडवी रेघ गेली की कोमल गंधार शुद्ध होतो, चालच बदलते! वडील असते तर वाजवून सांगते.

कुणाकडे असे पुस्तक असल्यास रद्दीत घालण्याआधी सिविक सेंटरच्या मंडपात आणावे. फोटो काढून लगेच परत देईन.