मानवत परिसरातील घरगुती पालेभाजी : एक सामाजिक-ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मराठी भाषेत 'भाजीभाकरी' हा शब्द केवळ दोन पदार्थांचा निर्देश करीत नाही, तर निर्वाह या अर्थाने तो रूढ झालेला आहे. या जोडशब्दातील भाकरीचा इतिहास ज्वारीच्या निमित्ताने काही प्रमाणात लिहिला गेला. भाजीचा, त्यातही हिरव्या पालेभाजीचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला. परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, ज्वारी, कापूस, तूर, करडई व हरभरा ही पिके आणि त्यांच्या आधाराने उगवणारा पाला हा या परिसरातील सायंकाळच्या जेवणाचा पाया होता. प्रस्तुत निबंधात या पाल्याचा सामाजिक-ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) मानवत परिसरातील पालेभाजी व शेती यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) पालेभाजी शिजविण्याच्या घरगुती पद्धतीमागील ऐतिहासिक प्रभाव शोधणे.
३) या परंपरेच्या ऱ्हासाची कारणे व परिणाम तपासणे.

शेतीचे उपउत्पन्न म्हणून पालेभाजी :
पालेभाजी म्हटले की आज आपल्यासमोर बाजारातील मेथी-पालकाची जुडी येते. कोरडवाहू शेतीच्या काळात मात्र पालेभाजी ही क्वचितच विकत घेण्याची वस्तू होती. ती शेतीकामातूनच आपोआप घरी येई. करडईचे पीक लहान असताना विरळणी करावी लागते. उपटलेली कोवळी रोपे, काटे धरण्यापूर्वीच, भाजीसाठी वापरली जात. हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने झाडास फांद्या अधिक फुटतात, आणि खुडलेला पाला ताजा शिजवला जाई किंवा वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवला जाई. खुरपणीच्या वेळी निघणारे तांदुळजा, चाकवत, घोळ, पाथरी यांसारखे तण टाकून न देता ओटीत बांधून आणले जाई. पिकासाठी जे काम आवश्यक, त्याच कामातून रात्रीची भाजी मिळे. खुरपणीचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत असल्याने कोणता पाला खाण्याजोगा व कोणता नाही, याचे ज्ञानही त्यांच्याकडेच होते.

अंबाडीचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. खरिपाच्या ज्वारीत किंवा कापसाच्या कडेने अंबाडीची ओळ पेरली जाई. तिच्या कोवळ्या पानांची भाजी, खोडाच्या सालीपासून दोर आणि बियांपासून तेल मिळे. शेतकऱ्याच्या घराला एकाच झाडातून अन्न व अवजारांसाठी लागणारा दोर असे दोन्ही मिळत असल्याने तिच्यासाठी वेगळे रान राखावे लागत नसे.

पाकपद्धती व तिचा इतिहास :
अंबाडीची पाने निवडून, उकडून, पिळून घेतली जातात व त्यामुळे त्यांचा आंबटपणा कमी होतो. नंतर तूरडाळ व ज्वारीच्या कण्यांसह ती शिजवून घोटली जातात आणि वरून लसणाची तेलातील फोडणी दिली जाते. सोबत ज्वारीची भाकरी व कांदा असतो. डाळ व कण्या यांमुळे थोडा पाला अधिक माणसांना पुरतो. मोठ्या कुटुंबात ही बाब महत्त्वाची होती.

या ताटाचा इतिहास पाहिल्यास 'अस्सल' या कल्पनेचा फेरविचार करावा लागतो. ज्वारी व अंबाडी या दोन्ही वनस्पती मूळच्या आफ्रिकेतील असून प्राचीन काळी त्या भारतात आल्या. फोडणीतील मिरची अमेरिका खंडातील आहे व सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारतात पोहोचली. भाजीत घातले जाणारे शेंगदाण्याचे कूट त्याहूनही नंतरचे होय. तत्पूर्वी तिखटासाठी मिरे व पिंपळी, तर कुटासाठी तीळ, जवस व कारळ हीच साधने होती. जवस व कारळाच्या चटण्या मराठवाड्यात आजही केल्या जातात, हा त्या जुन्या थराचा अवशेष मानता येतो.

दुसरी बाब प्रादेशिक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मानवत हे हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राज्याच्या सीमा बदलल्या, परंतु ताट बदलले नाही. आपली अंबाडी उत्तर कर्नाटकात 'पुंडी' म्हणून ज्वारीच्या कण्यांबरोबरच शिजते आणि तिच्याच कुळातील आंबट पाला तेलंगणात 'गोंगुरा' म्हणून प्रसिद्ध आहे. भाषेच्या सीमेपेक्षा काळ्या मातीची सीमा येथे अधिक प्रभावी ठरलेली दिसते.

धर्म, सण आणि पालेभाजी :
गरिबाचे अन्न मानल्या गेलेल्या पालेभाजीला सणांमध्ये मात्र मानाचे स्थान आहे. गौरींच्या आगमनाच्या दिवशी भाजीभाकरीचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाशिवाय उगवलेल्या भाज्या खाल्ल्या जातात. भोगीला बाजरीच्या भाकरीसोबत मिश्र भाजी असते. त्या त्या ऋतूतील पाला वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरात शिजावा, अशी व्यवस्था या प्रथांतून साधली गेली. संत जनाबाईंचे गंगाखेड याच परभणी जिल्ह्यात आहे. दळणकांडणासारख्या घरकामाला त्यांनी अभंगात स्थान दिले, याचेही येथे स्मरण होते.

लिखित परंपरेतील अनुपस्थिती :
मराठीतील आरंभीचे मुद्रित पाकशास्त्रविषयक पुस्तक 'सूपशास्त्र' हे १८७५ साली प्रसिद्ध झाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' व १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. या ग्रंथांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ते प्रामुख्याने मुंबई व पश्चिम महाराष्ट्रातील शहरी, मध्यमवर्गीय वाचकांसमोर होते. मराठवाड्यातील शेतकरी व शेतमजूर स्त्रीचे पाकज्ञान मौखिकच राहिले. सायंकाळी ओसरीवर भाजी निवडताना सासूकडून सुनेकडे, आजीकडून नातीकडे ते जात असे. निवडणे ही त्या ज्ञानाची शाळाच होती.

बदल व ऱ्हास :
१९७२ च्या दुष्काळात लाल मिलो व सुकडी यांवर दिवस काढावे लागले आणि रानातील पाल्याचा आधार किती मोठा होता हे त्या काळात प्रकर्षाने जाणवले. १९७६ मध्ये जायकवाडी प्रकल्पाचे लोकार्पण झाले. त्याच्या डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्यात पाणी आले आणि ओलिताची मेथी, पालक, कोथिंबीर बाजारात वाढली. हा बदल निश्चितच स्वागतार्ह होता. परंतु पुढे सोयाबीनचा विस्तार झाला, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, करडईचे क्षेत्र घटले आणि तणनाशकांचा वापर वाढला. तणनाशकाच्या दृष्टीने तांदुळजा व चाकवत हे केवळ तण होय. खुरपणी कमी झाल्याने मजूर स्त्रीची मजुरी गेली आणि त्यासोबत ओटीतील भाजीही गेली. जी वस्तू विनामूल्य मिळत होती, ती आता विकत घ्यावी लागते.

याचा परिणाम आरोग्याच्या संदर्भात पाहावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाले. याचे कारण केवळ पालेभाजीचा अभाव असे म्हणणे शास्त्रीय ठरणार नाही. पाल्यातील लोह शरीरात अल्प प्रमाणातच शोषले जाते. तसेच पूर्वीही घरातील स्त्री सर्वांत शेवटी जेवायला बसे व उरलेल्यावर भागवी. त्यामुळे जुन्या काळाचे उदात्तीकरण टाळले पाहिजे. तरीही ज्या हातांनी पाला खुडला त्यांच्याच ताटातून तो नाहीसा व्हावा, ही बाब गंभीर आहे.

निष्कर्ष :
१) मानवत परिसरातील पालेभाजी ही स्वतंत्र पीक नसून विरळणी, शेंडेखुडणी व खुरपणी या कामांचे फलित होती.
२) हे ताट आफ्रिका, अमेरिका व दख्खन यांच्या संपर्कातून घडले असून ते राज्यांच्या सीमा ओलांडणारे आहे.
३) पीकपद्धतीतील बदलाबरोबर अन्न, मजुरी व ज्ञान या तिन्हींचा ऱ्हास झाला.
४) कृषी विभागामार्फत होणारे रानभाजी महोत्सव स्तुत्य आहेत. तथापि महोत्सवात वर्षातून एकदा पाहिलेली भाजी रोजच्या ताटात येण्यासाठी बांधावर अंबाडीची एक ओळ पुन्हा पेरली जाणे अधिक आवश्यक आहे.

हे मौखिक ज्ञान ज्यांच्याजवळ आहे, त्या पिढीतील स्त्रिया आज वृद्ध झाल्या आहेत. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्याच घरातील आजीजवळ बसून ते लिहून घेतल्यास स्थानिक इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन निर्माण होईल. ते काम आताच व्हावयास हवे.