ढग आला आणि शहराची वीज गेली

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर साधारण मध्यभागी बोट ठेवलं की ॲलिस स्प्रिंग्ज हे छोटं शहर सापडतं. चहूकडे वाळवंट, बहुतेक दिवस लख्ख ऊन. २००८ पासून सरकारी योजनेतून तिथे छपराछपरांवर सौर पॅनेल बसू लागली. शहराचं ग्रिड मात्र शहरापुरतंच. देशाच्या मोठ्या ग्रिडशी जोडणी नाही. पुढच्या घटनेचं मूळ इथेच आहे.

१३ ऑक्टोबर २०१९, रविवार. उकाडा जबरदस्त, घरोघर एसी चालू. दुपारी ढगांचा पट्टा शहरावर सरकला आणि सौर वीज झपाट्याने घसरली. छपरावरच्या विजेचा आकडा नियंत्रण कक्षाला थेट दिसत नाही. तिथे नुसती मागणी वाढल्यासारखी दिसते. सगळा भार गॅसवरच्या जनित्रांवर आला. मदतीला ५ मेगावॉटची नवी बॅटरी होती, पण ऐनवेळी तिने हवी तशी साथ दिली नाही. जनित्रं बंद पडली आणि अख्खं शहर थांबलं. काही भागांत वीज परतायला आठ-नऊ तास लागले. पुढे चौकशी झाली, दोन सरकारी वीज कंपन्यांच्या प्रमुखांची पदं गेली.

मला यात बँकच दिसते, सवयच ती! ग्रिडच्या तिजोरीत शिल्लक राहत नाही. ज्या क्षणी जेवढी मागणी, त्याच क्षणी तेवढी निर्मिती लागते, तरच ५० हर्ट्झ टिकतं. मोठा ठेवीदार अचानक पैसे काढून गेला तर मोठी बँक हलत नाही, एका शाखेची पतपेढी हलते. ढगाला काय दोष द्यायचा? तो येणारच होता. राखीव क्षमता हाताशी तयार नव्हती.

आपल्याकडेही गच्चीवरच्या पॅनेलचा विषय निघाला की "ढग आले तर काय?" हे हमखास विचारलं जातं. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून भारतभर एकच ग्रिड आहे. आपल्या गच्चीवर सावली असते तेव्हा राजस्थानात ऊन असू शकतं, आणि कोयनेची टर्बाइन्स मिनिटांत वीज देऊ लागतात. म्हणजे एखाद्या ढगाने आपली लिफ्ट अडकणार नाही. उलट, ग्रिडच गेलं तर भर उन्हातही आपली पॅनेल बंद पडतील. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. तेव्हा लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी जनरेटर किंवा बॅटरीचा खर्च वेगळा धरावाच लागतो. पॅनेलच्या कोटेशनमध्ये तो सहसा नसतो.