इंजिन मध्ये, माणूस पुढे

१९६९ च्या शरदात इटलीतील तुरीन शहरात दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. मोटारींच्या प्रदर्शनात बेर्तोने या बांधणीकारांनी ‘रनअबाउट’ नावाची, पाचरीच्या आकाराची, उघडी, दोन आसनांची नमुनागाडी मांडली होती. आणि फियाटच्या मिराफिओरी कारखान्यात हजारो कामगार यंत्रे बंद करून फाटकाबाहेर येत होते. (ज्या फियाटच्या परवान्यावर आपल्या कुर्ल्यात प्रीमियरच्या गाड्या बनत, तीच ही फियाट.) मोटारींचे इतिहासकार पहिली गोष्ट सांगतात, चळवळीचे दुसरी. आम्हांला त्या एकत्र सांगावयाच्या आहेत; कारण यंत्रापासून माणसाच्या देहाचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न दोन्हींकडे होता.

तुरीनजवळच्या ग्रुलियास्को येथे बेर्तोनेच्या कारखान्यात फियाट ८५० स्पायडरचे सांगाडे बनत. ती गाडी बंद पडली की कारखाना रिकामा, ही नुच्चो बेर्तोने यांची चिंता. त्यांचा रचनाकार मार्चेल्लो गांदिनी. फियाट १२८ मध्ये पुढे आडवे बसविलेले इंजिन गियरपेटीसकट उचलून त्यांनी आसनांच्या पाठीमागे, मागल्या चाकांच्या आसापुढे आणून ठेवले. यातूनच १९७२ साली ‘एक्स-१/९’ बाजारात आली. इंजिन १,२९० घनसेंटिमीटरचे, वजन नऊशे किलोच्या आत.

इंजिन मध्ये ठेवण्याचा मूळ हेतू वळणावर तोल साधण्याचा. पण टकरीच्या वेळी या मांडणीचा निराळाच लाभ दिसतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीत टक्कर झाली की लोखंडाचा तो ठोकळा चेपत नाही. तो मागे सरकून माणसाच्या गुडघ्यांवर येऊ पाहतो. या गाडीच्या नाकाडात रेडिएटर, सामान व काढून ठेवलेला टप, एवढेच. तेथला पत्रा घड्या पडत दुमडतो आणि धक्क्याचा जोर खातो. टोके मऊ व मधली खोली कठीण, हे तत्त्व मर्सिडीसचे बेला बारेनी यांनी १९५१ मध्येच पेटंटासाठी मांडले होते. शिवाय डोक्यामागे जाड पक्की कमान, म्हणजे गाडी उलटली तरी आधार. आणि पेट्रोलची टाकी शेपटीत नव्हे, तर आसनाच्या पाठीशी, इंजिनाच्या पुढे. फोर्ड पिंटोची टाकी मागल्या आसाच्याही मागे होती. मागून टक्कर बसली की पेट घेण्याच्या भयामुळे १९७८ साली तशा सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

ही काळजी इटालियन मालकांना आपोआप सुचली नाही. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी अमेरिकन मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले. जनरल मोटर्सने त्यांच्या मागे हेर लावले, आणि १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटसमोर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. उघड्या गाड्यांवर अमेरिकेत बंदी येणार, अशी धास्ती सर्वत्र होती. बंदी आली नाही. कमान मात्र राहिली.

अर्थात हलकी गाडी ती हलकीच. दुप्पट वजनाच्या गाडीशी समोरासमोर गाठ पडली तर वेगातला मोठा फरक हलकीलाच सोसावा लागतो. त्याला रचनाकाराचा इलाज थोडा. त्यात या पत्र्याला गंज लवकर धरे. गंजलेल्या पत्र्याची घडी कोठे पडेल, हे कोणता नकाशा सांगणार?

आता कामगारांकडे येऊ. घातक कामासाठी पगारात चार पैसे जादा, ही मालकांची जुनी रीत. रंगाच्या वाफा व भट्टीची धूळ यांचे मोल घेण्यास तुरीनच्या कामगारांनी नकार दिला. आरोग्य विकावयाचे नाही, अशी त्यांची घोषणा होती. आमच्या मते त्या शरदातली ही सर्वांत मोठी गोष्ट, पगारवाढीहूनही मोठी. मे १९७० मध्ये इटलीत ३०० क्रमांकाचा कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमाने, अपघात टाळण्याचे नियम पाळले जातात की नाही हे आपल्या प्रतिनिधींमार्फत तपासण्याचा हक्क कामगारांना मिळाला. खरेदीदाराला मिळालेले संरक्षण सरकारी निरीक्षकाच्या हाती राहिले. कामगाराला मिळालेले त्याच्या स्वतःच्या हाती आले.

ते हात पुढे दुबळे झाले. १९८० मध्ये फियाटमधील पस्तीस दिवसांचा संप मोडला. १४ ऑक्टोबरला मुकादम व कारकून मंडळी संपाविरुद्ध तुरीनच्या रस्त्यांवर उतरली, आणि तेवीस हजारांच्या आसपास कामगार कामाबाहेर बसविले गेले. ‘एक्स-१/९’ मात्र चालूच राहिली. १९८२ पासून बेर्तोनेच्याच नावाने ती विकली जाऊ लागली, आणि १९८९ मध्ये ग्रुलियास्कोतून तिची शेवटची गाडी बाहेर पडली.