वणी जिल्ह्याचा कापूस आणि क्लोरिनचा उद्योग

आजचा यवतमाळ जिल्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाची मागणी एकाएकी वाढली. त्याच दशकात इंग्लंडमधील क्लोरिनचा धंदाही पालटू लागला.

क्लोरिन प्रथम शेलेने १७७४ मध्ये मिळविला. विरंजनासाठी त्याचा उपयोग बर्थोलेने १७८५ च्या सुमारास दाखविला. टेनंटने १७९९ मध्ये तो विझविलेल्या चुन्यात शोषवून विरंजक चूर्ण सिद्ध केले, आणि एरवी महिनोन्‌महिने कुरणावर उन्हात पसरावे लागणारे कापड थोड्या दिवसांत शुभ्र होऊ लागले. परंतु मिठापासून लब्लांक पद्धतीने सोडा करताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड भोवतालची झाडेझुडपे जाळीत असे. १८६३ च्या अल्कली कायद्याने तो हवेत सोडण्यास मोठा आळा बसला; पुढे वेल्डन व डीकन यांच्या पद्धतींनी त्यापासूनच क्लोरिन काढला जाऊ लागला. उपद्रव होता, तोच माल ठरला.

या साखळीत वणी जिल्ह्याचा वाटा मुख्यतः रुईपुरताच होता. कताई, विणकाम व विरंजन यांतून वाढणारे मूल्य १८७७ मध्ये नागपुरास एम्प्रेस मिल निघाल्यावरही जिल्ह्याबाहेरच राहिले. विरंजनाचे रसायन शिकविताना हा हिशेब सहसा मांडला जात नाही. क्लोरिन येथील शेतात आला तो पुष्कळ उशिरा, आणि कापडासाठी नव्हे, तर कापसावरील बी. एच. सी. व एन्डोसल्फान या कीटकनाशकांतून. पहिल्यावर १९९७ मध्ये, दुसऱ्यावर २०११ मध्ये भारतात बंदी आली. दोहोंच्या रेणूंत क्लोरिनचे प्रत्येकी सहा अणू असतात.