शॅम्पेनमध्ये किलोला काय भाव?

फ्रान्सच्या शॅम्पेन भागात सहलीला गेलात की दोन माणसं हमखास भेटतात. एक म्हातारा भिक्षू आणि एक तरुण विधवा. भिक्षू म्हणजे दों पेरिन्यों. त्याला म्हणे चुकून वाइनमध्ये बुडबुडे सापडले आणि आपण तारे पितोय असं ओरडत तो मठभर धावला. विधवा म्हणजे बार्ब-निकोल पोन्सार्दां. नवरा वारला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तिनं धंदा हातात घेतला आणि 'व्हव क्लिको' हे नाव जगभर नेलं. 'व्हव' म्हणजेच विधवा.

यातली विधवेची गोष्ट बरीचशी खरी आहे. १८०५मध्ये नवरा गेला. १८१४मध्ये नेपोलियनच्या युद्धांचा धुरळा पुरता बसायच्या आत तिनं इतरांच्या आधी रशियात माल पोचवला. बाटलीतला गाळ बुचापाशी आणण्यासाठी भोकं पाडलेल्या टेबलात बाटल्या उलट्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवायची युक्तीही तिच्याच तळघरातली, १८१६च्या आसपासची.

भिक्षूची गोष्ट मात्र जाहिरात आहे. दों पेरिन्यों १६६८पासून १७१५मध्ये मरेपर्यंत ओव्हिले गावच्या मठाचा कोठारप्रमुख होता. वेगवेगळ्या बागांची द्राक्षं एकत्र करण्यात तो वाकबगार होता, आणि बुडबुडे येऊ नयेत म्हणून धडपडत होता. त्या काळी फेसाळणारी वाइन म्हणजे बिघडलेली वाइन. उलट १६६२मध्ये, तो मठाच्या कोठारात रुजू व्हायच्याही आधी, ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या इंग्रजानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. इंग्लंडमधले व्यापारी वाइन फेसाळावी म्हणून तिच्यात साखर आणि काकवी घालतात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कोळशाच्या भट्टीतली इंग्रजी काच जाड असायची, त्यामुळे तो दाब सहन करणाऱ्या बाटल्याही त्यांच्याकडेच होत्या. तारे पिण्याचं वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या एका जाहिरातीत अवतरलं.

हे सगळं मी सहलीच्या आधी वाचून गेलो होतो. माझं काम कोडमधल्या चुका शोधण्याचं. मूळ लॉग बघितल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय लागलीय. पण त्या शनिवार-रविवारी खरा प्रश्न विचारला तो अण्णांनी.

ऑक्टोबर २०२४. ब्रसेल्सहून भाड्याची मिनीबस करून आम्ही चौदा जण निघालो होतो. बहुतेक सगळे माझ्यासारखेच, आयटीतले, मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले. अण्णा एका मित्राचे वडील, मुलाकडे दोन महिन्यांसाठी आलेले. निफाड तालुक्यात त्यांची पाच एकर द्राक्षबाग आहे. दारूला शिवत नाहीत. "मी पिणार नाही, पण बाग बघायचीय," एवढ्याच अटीवर ते आले.

रॅन्स शहरात पोमेरीच्या तळघरात ११६ पायऱ्या उतरून गेलो. वर शहर, खाली खडूच्या दगडाच्या प्रचंड खाणी. रोमन काळात बांधकामासाठी खोदलेल्या. उन्हाळा असो वा हिवाळा, तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास. गाइड बाईंनी भिक्षू सांगितला, विधवा सांगितली, त्या घराण्याची स्वतःची विधवाही सांगितली (लुईझ पोमेरी, १८७४ची तिची कमी गोड शॅम्पेन गाजली), आणि काही प्रश्न आहेत का, असं विचारलं. आमच्यातल्या एकानं इन्स्टाग्रामसाठी कुठली जागा चांगली ते विचारलं. अण्णा मला म्हणाले, "यांना विचार, शेतकऱ्याला किलोला काय भाव देतात?"

मी इंग्रजीत विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, या प्रश्नावरून इथे एकदा गावं जळली आहेत.

शॅम्पेनमध्ये पहिल्यापासून दोन वर्ग आहेत. एकाकडे बाग, दुसऱ्याकडे तळघर. द्राक्षाचा रस आंबवला की वाइन होते. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बसवलं की आत पुन्हा आंबतं, वायूला बाहेर पडायला वाट नसते, आणि दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट होतो. मग महिनोन् महिने, चांगली असेल तर वर्षानुवर्षं, ती बाटली अंधारात पडून राहते. याला जागा लागते, कामगार लागतात, आणि पैसा अडकवून बसायची ऐपत लागते. सुरुवातीला बाटल्या फुटायच्याही फार. कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून तळघरात उतरत. १८३६च्या सुमाराला फ्रांस्वा नावाच्या एका औषधविक्यानं साखरेचं प्रमाण मोजायची रीत शोधली, तेव्हा कुठे हे आटोक्यात आलं.

बागवाल्याची गोष्ट उलटी. द्राक्ष पिकलं की चार-दोन दिवसांत तोडावं लागतं, तोडलं की काही तासांत दाबयंत्रावर न्यावं लागतं. व्यापाऱ्याची बाटली तीन वर्षं वाट बघू शकते, शेतकऱ्याचा घड उद्याचीही नाही. मग भाव कोण ठरवणार, हे सांगायला नको. हे मी अण्णांना समजावून सांगायला लागलो तर ते म्हणाले, "हे तू मला सांगतोयस?" पाच वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं त्यांचा दीड एकराचा माल उचलला, गाडीवर अर्धे पैसे दिले, उरलेले अजून यायचेत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे फिलॉक्सेरा आला, मुळांतला रस शोषणारी बारीक कीड. तिच्यावर एकच इलाज निघाला. अमेरिकन जंगली वेलाचा खुंट लावायचा आणि त्यावर आपल्या जातीचं कलम करायचं. (नाशिककडचे बागायतदार डॉगरिजवर कलम करतात तो खुंटही अमेरिकन, फक्त आपल्याकडे कारण वेगळं, पाणी कमी आणि जमीन खारवटलेली.) जुनी बाग उपटून नवी लावायची म्हणजे कर्ज. त्यात १९०७पासून ओळीनं वाईट हंगाम आले. १९१०मध्ये पाऊस, केवडा आणि किडी यांनी पीक जवळजवळ संपवलं.

आणि तरीही व्यापाऱ्यांची शॅम्पेन विकली जातच होती. कारण साधं होतं. बाटलीत किमान ५१ टक्के द्राक्षं शॅम्पेनची असली की पुरे असा दंडक होता, आणि तोही सगळे पाळत नसत. रेल्वे झाली होती. लुआर खोऱ्यातून, दक्षिणेतून स्वस्त माल यायचा आणि इथल्या तळघरात शिरून शॅम्पेन होऊन बाहेर पडायचा. जानेवारी १९११मध्ये दामरी गावात शेतकऱ्यांनी बाहेरून आलेला असा माल अडवला आणि मार्न नदीत लोटला. तिथून पेटलं.

सरकारनं यावर हद्द आखली होती, १९०८मध्येच. कुठल्या गावांची द्राक्षं शॅम्पेनची मानायची याची यादी. मार्न जिल्हा आत, एनचा काही भाग आत, दक्षिणेकडचा ओब जिल्हा बाहेर. आता गंमत बघा. शॅम्पेनच्या सरदारांची मध्ययुगीन राजधानी त्रुआ, ती ओबमध्ये. शॅम्पेनच्या ज्या जत्रांमध्ये सगळ्या युरोपचा व्यापार चालायचा त्यांतल्या दोन गावच्या जत्रा, त्रुआ आणि बार-स्यूर-ओब, दोन्ही ओबमध्ये. मार्नवाले म्हणत, यांची माती वेगळी. ओबवाले म्हणत, नाव आमच्या आजोबांचं. एप्रिल १९११मध्ये त्रुआत हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले, ओबमधल्या गावोगावच्या महापौरांनी राजीनामे दिले, करांच्या नोटिसा जाळल्या गेल्या.

पॅरिसमध्ये सिनेट घाबरली आणि ११ एप्रिलला हद्दच रद्द करावी असा ठराव करून मोकळी झाली. बातमी तारेनं मार्नमध्ये पोचली. दुसऱ्या दिवशी आयी गावात शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांची तळघरं फोडली, इमारती पेटवल्या. गटारांतून शॅम्पेन वाहिली. काही ठिकाणी वेलीही तुडवल्या गेल्या. सैन्य आलं. हा सगळा इतिहास शाळेच्या पुस्तकात असता तर एका ओळीत मावला असता : शेतकऱ्यांच्या दोन गटांत भांडण झालं. पण मला यात तेवढंच दिसत नाही. एका जिल्ह्यानं पोट वाचवायला जी भिंत मागितली तीच दुसऱ्या जिल्ह्याच्या पोटावर आली, आणि ज्यांनी बाहेरचा माल आणून पैसा केला ते या दोघांची मारामारी लांबून बघत राहिले. आरक्षणापासून कांद्यापर्यंत आपण हे चित्र ओळखतो.

तडजोड अशी निघाली की ओबला 'दुसऱ्या विभागातली शॅम्पेन' असं लेबल. म्हणजे आत, पण पायरीशी. ते पूर्ण आत आले १९२७मध्ये. मधे पहिलं महायुद्ध झालं. रॅन्स शहरावर चार वर्षं तोफगोळे पडले, कॅथेड्रल जळलं, लोक याच खडूच्या खाणींत राहिले, शाळासुद्धा तिथे भरल्या. पुढे फ्रान्सनं सगळ्या वाइनसाठी प्रदेशाच्या नावाचा कायदा केला आणि १९३६मध्ये शॅम्पेन त्यात बसली. आपण ज्याला जीआय टॅग म्हणतो, हापूसला मिळाला म्हणून पेढे वाटतो, त्याच्या मुळाशी ही जाळपोळ आहे.

भावाचंही ठरलं. १९११नंतर गावांची एक शिडी तयार झाली. वरच्या गावांना ठरलेल्या भावाच्या शंभर टक्के, बाकीच्यांना नव्वद, पंचाऐंशी, असं उतरत. दरवर्षी दोन्ही बाजू बसून किलोचा भाव ठरवायच्या. ही पद्धत १९९०च्या सुमारास सुटली, पण १९४१मध्ये जर्मन ताब्याच्या काळात स्थापन झालेली शेतकरी आणि व्यापारी यांची संयुक्त समिती अजून आहे. दर हंगामाआधी हेक्टरी किती किलो तोडायचं ते ती ठरवते. त्या वर्षी होतं हेक्टरी दहा हजार किलो. मी फोनवर हिशेब केला. एकरी चार टन.

"चार टन?" अण्णा. "एवढ्यात आमची फवारणीसुद्धा निघायची नाही."

मग किलोचा भाव सांगितला, साधारण सहा-सात युरो. म्हणजे एकरी बावीस-पंचवीस लाख रुपये. अण्णा गप्प झाले. जमिनीचा भाव सांगितल्यावर (हेक्टरी दहा लाख युरोच्या आसपास, म्हणजे एकरी साडेतीन कोटींवर) ते म्हणाले, "मग पोरं वाटण्या कशा करतात?" प्रश्न बरोबर होता. वारसा कर भरता येत नाही म्हणून बागा विकायची वेळ इथल्या घरांवरही येते.

रविवारी ओव्हिले गावात दों पेरिन्योंची कबर पाहिली, एपर्नेच्या रुंद रस्त्यावरचे वाडे पाहिले. अण्णांचं लक्ष बागेत. गुडघ्या-कमरेइतक्या बुटक्या वेली, एकमेकींना खेटून, हेक्टरी आठेक हजार. मांडव नाही. पायाखाली पांढरी खडूची माती. त्यांनी ढेकूळ उचलून चुरडलं आणि खिशात टाकलं.

बाटलीच्या लेबलवर एक गोष्ट बघायला तिथे शिकलो. कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन रोमन अक्षरं असतात, फोटो झूम करावा लागतो. 'एनएम' असेल तर द्राक्षं विकत घेणारं व्यापारी घराणं. 'आरएम' म्हणजे शेतकऱ्यानं स्वतःच्या बागेची, स्वतः केलेली. 'सीएम' म्हणजे सहकारी संस्था. आजही सुमारे नव्वद टक्के बागा सोळा हजारांच्या आसपास शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत, आणि विक्रीतला मोठा वाटा घराण्यांचा. 'सीएम'चा अर्थ सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे आपल्या मोहाडीच्या सह्याद्रीसारखं." अगदी तसं नाही, पण फार लांबही नाही.

आपल्याकडेही हा खेळ येऊन चाळीस वर्षं होतील. नारायणगावला शॅटो इंडाजनं १९८०च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनं बाटलीत आंबवलेली फेसाळ वाइन केली, 'ओमर खय्याम' या नावानं परदेशात विकली. आज दिंडोरीत शांदोंची वायनरी आहे. एपर्नेच्या त्या रुंद रस्त्यावर ज्यांचा वाडा आहे त्यांचीच. पद्धत तीच, कंपनी तीच, पण दिंडोरीच्या बाटलीवर शॅम्पेन लिहिता येत नाही. हद्द नाशिकपर्यंत पोचते ती अशी.

परतताना बसमध्ये अण्णांनी शेवटचं विचारलं, "तोडणीला माणसं कुठली?" त्यांच्याकडे पेठ-सुरगाण्याची येतात. इथे यंत्रानं तोडायला बंदी आहे, घड अख्खा राहिला पाहिजे म्हणून. दर हंगामाला लाखभर माणसं लागतात. आधी ती जवळपासच्या गावांतून यायची, नंतर पोलंड, रोमानिया, आता पश्चिम आफ्रिका. २०२३च्या तोडणीत उन्हाच्या तडाख्यात काही मजूर मेले. त्याच हंगामात एका गावात पन्नासहून जास्त आफ्रिकी मजूर अत्यंत घाणेरड्या जागेत कोंबलेले सापडले. आमच्या सहलीनंतर, जुलै २०२५मध्ये, शालों शहरातल्या कोर्टानं त्यात तिघांना मानवी तस्करीसाठी दोषी ठरवलं.

शॅम्पेनच्या नियमांत वेलींतलं अंतर आहे, छाटणीची पद्धत आहे, हेक्टरी किलो आहेत, बाटलीनं किमान पंधरा महिने पडून राहायचं आहे. तिथल्या कामगार संघटनेचं म्हणणं असं की, ज्या द्राक्षांच्या तोडणीत माणसं अशी राबवली गेली, त्यांना शॅम्पेन हे नाव लावू देऊ नये. निकालाची बातमी मी अण्णांना व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "त्यांना रोज किती होता ते दिलंय का बघ."