परळमधील एक जिवाणू : कर्करोग संशोधनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

अंबरनाथ पूर्व परिसरातील विद्यार्थ्यांना परळचे टाटा स्मारक रुग्णालय ठाऊक असते ते नात्यातील वा शेजारच्या एखाद्या रुग्णामुळे. तेथे संशोधनाचीही परंपरा घडली, हे इतिहासाच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. पुढे १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या संचालकत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर वाढविण्याची, प्रयोगशाळा उभारली. तंत्र कर्करोगासाठी आणलेले; परंतु १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी त्याच्याच साहाय्याने कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जिवाणू वाढविला. केंद्राच्या आद्याक्षरांवरून तो 'आयसीआरसी' जिवाणू म्हणून ओळखला गेला. तो कुष्ठरोगाचाच जिवाणू हा दावा पुढे टिकला नाही. तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटातील ठरला. तरीही त्यापासून डॉ. माधव देव यांनी १९७९ मध्ये लस सिद्ध केली. दक्षिण भारतातील चाचणीच्या १९९८ मधील अहवालानुसार तिचे संरक्षण सुमारे ६५ टक्के, तर केवळ बीसीजीचे सुमारे ३४ टक्के होते.

कर्करोगाच्या संस्थेत कुष्ठरोगाचे काम म्हणजे विषयांतर, असा समज सहज होतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. जिवाणूमुळे जागृत झालेली प्रतिकारशक्ती कर्करोगावरही परिणाम करते, हे मूत्राशयाच्या कर्करोगावरील बीसीजीच्या वापरातून १९७६ मध्ये दिसून आले. पुढे लक्ष आतड्याकडे वळले. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या प्लाझ्मा पेशी तेथे विपुल असतात. अस्थिमज्जेत याच पेशी अनिर्बंध वाढल्या की 'मल्टिपल मायलोमा' हा कर्करोग होतो. आतड्यातील प्रिव्होटेला हेपारिनोलायटिका या जिवाणूमुळे विशिष्ट टी-पेशी तयार होऊन अस्थिमज्जेत पोहोचतात व हा रोग बळावतो, असे २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. म्हणजे जिवाणूने चेतविलेली प्रतिकारशक्ती नेहमी रुग्णाच्याच बाजूने असते असे नाही.

अर्थात, रणदिवे यांना हे आधीच उमगले होते असे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांच्यासमोर कुष्ठरोगाचा प्रश्न होता. आतड्यातील जिवाणूंचा नव्हता. मात्र जिवाणू, पेशी आणि कर्करोग यांचे अभ्यासक एकाच छताखाली होते, एवढे निश्चित. रणदिवे २००१ मध्ये निवर्तल्या. संशोधन विभाग २००२ मध्ये खारघरला गेला.